उसाचा दर कुठल्या कप्प्यात बसतो

अर्थशास्त्रातला कुठलाही पेपर उघडा, सारांशाच्या खाली बारीक टायपात दोनचार कोड दिसतील, एल 13, डी 43, क्यू 13 असले काहीतरी. बहुतेक लोक ते वाचतच नाहीत. मी हल्ली पेपरच्या आधी तेच वाचते, कारण आपण नेमकं कुणाशी बोलतोय असं लिहिणाऱ्याला वाटतंय ते तिथे लगेच कळतं, प्रस्तावनेत सगळेच जगाचे प्रश्न सोडवत असतात, कोड देताना मात्र माणूस जमिनीवर येतो.

ही कोडांची यादी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची. संस्था 1885 पासूनची आणि यादीचं आत्ताचं रूप 1991 सालचं. त्यांच्या ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर’च्या आद्याक्षरांवरून तिला जेईएल म्हणतात, बोलताना सरळ जेल, त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये ‘तुझा जेल कुठला’ असले पांचट विनोद चालतात. ए पासून आर पर्यंत एकेका अक्षराला एकेक विषय, मग एस ते एक्स अक्षरं रिकामी ठेवलेली, आणि शेवटी वाय आणि झेडमध्ये जे कुठेच बसत नाही ते. मजुरी जे मध्ये, शेती क्यू मध्ये, कायदा के मध्ये. उद्योग, कंपन्या, बाजार हा सगळा संसार एल मध्ये. आपल्याकडे सिलॅबसमध्ये ज्याला ‘औद्योगिक अर्थशास्त्र’ म्हणतात तो साधारण हाच प्रांत.

एल ची यादी नुसती वाचायलाही मजा येते. एल 66 मध्ये खाद्यपदार्थ, पेयं, सौंदर्यप्रसाधनं, तंबाखू आणि दारू एकत्र, म्हणजे कोल्हापूरचा गूळ, निपाणीची तंबाखू, नाशिकची वाइन आणि तोंडाला लावायची पावडर एकाच नंबरात. एल 83 तर त्याहून भारी, खेळ, जुगार, हॉटेलं, करमणूक, पर्यटन. पणजीचा कॅसिनो आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरची खानावळ शेजारी शेजारी. एल 62 गाड्या, एल 74 बांधकाम, एल 87 पोस्ट आणि कुरिअर, एल 92 मध्ये रेल्वे आणि रस्त्यावरची वाहतूक. एसटीवर पेपर लिहिलात तर एल 92, पण ती सरकारी महामंडळ आहे म्हणून एल 32 पण.

इथेच यादीचा सांधा दिसतो. एल 1 ते एल 5 हे प्रश्नांवरून केलेले कप्पे आहेत. बाजारात विकणारे किती, मक्तेदारी कुणाची, कंपनी आतून कशी चालते, ना नफा संस्था आणि सरकारी उद्योग, स्पर्धेचा कायदा, सरकारी नियंत्रण. आणि एल 6 ते एल 9 हे वस्तूंवरून केलेले, पोलाद, कापड, कोळसा, वीज. म्हणजे अर्धी यादी विचारते ‘का’ आणि अर्धी विचारते ‘कशाचं’. पेपरवाल्याने दोन्हीकडून एकेक उचलायचा असा साधारण रिवाज आहे. 1991 च्या आधी तीन आकडी नंबर होते, त्यात उद्योगांचा विषय सहाशेच्या घरात होता आणि तंत्रज्ञानातला बदल पण त्याच घरात राहायचा, नव्या यादीत तो ओ कडे गेला. नंतर काळाप्रमाणे एल मध्येही भर पडत गेली, ओपन सोर्ससाठी एल 17 आहे, नवउद्योजकांसाठी एल 26 आहे.

गंमत म्हणजे ज्यांनी हा प्रांत गाजवला त्यातल्या एकाचं म्हणणं होतं की असा काही विषयच नाही. शिकागोचे जॉर्ज स्टिगलर, 1982 चे नोबेलवाले. त्यांनी 1968 सालीच लिहून ठेवलंय की औद्योगिक संघटन नावाचा वेगळा विषय नसतोच, आहे ते सगळं किंमतींच्या सिद्धांतातच येतं. त्याआधी हार्वर्डकडे एडवर्ड मेसन आणि मग जो बेन यांची परंपरा, ती म्हणायची की बाजाराची रचना बघा, म्हणजे विकणारे किती आणि केवढे ते, त्यावरून त्यांची वागणूक ठरते आणि वागणुकीवरून ग्राहकाचं भलं की वाईट ते ठरतं. चारच कंपन्या असतील तर संशय घ्या. शिकागोवाले म्हणाले, मोठी आहे म्हणून का मारता, स्वस्तात बनवते म्हणून मोठी झाली असेल की.

हे भांडण तिकडचं वाटतं खरं, पण आपल्या कायद्यांवर ते अगदी स्पष्ट उमटलंय. 1969 चा मक्तेदारी रोखायला केलेला एमआरटीपी कायदा आठवा (म्हणजे आठवत असेल तर, माझ्या वर्गातल्या मुलांना तो औषधाचं नाव वाटतो). तो आकाराला घाबरायचा, 20 कोटींच्या वर मालमत्ता गेली की वाढायला सरकारची परवानगी, 1985 मध्ये ती रेघ 100 कोटींवर नेली आणि 1991 च्या जुलैमध्ये नव्या औद्योगिक धोरणाने ती रेघच पुसली. मग 2002 चा स्पर्धा कायदा आला, तो म्हणतो मोठं असण्यात गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर करू नका आणि आपसात भाव ठरवू नका. याच कायद्याखाली 2012 साली स्पर्धा आयोगाने 11 सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींच्या वर दंड लावला, मग ते प्रकरण वरच्या न्यायाधिकरणांत फिरत राहिलं. मुलांना एल 41 शिकवायचा तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, घर बांधताना सिमेंटचा भाव सगळ्यांच्या बापांनी भरलेला असतो.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते. सिमेंटचं उदाहरण मुलांना पटकन कळतं कारण त्यात आपण ग्राहक आहोत. विकणारे थोडे, घेणारे आपण लाखो, आणि भीती एकच की भाव चढा लागेल. एल चा जवळजवळ सगळा विचार याच खुर्चीत बसून झालाय. ते साहजिक आहे, कारण विषयाचा जन्मच अमेरिकेतल्या ट्रस्टांच्या (म्हणजे एकत्र येऊन बाजार ताब्यात घेणाऱ्या कंपन्यांच्या) भांडणातून झाला, 1890 चा मक्तेदारीविरोधी शेर्मन कायदा, 1911 मध्ये स्टँडर्ड ऑइलचे केलेले 34 तुकडे. पण मी ज्या दोन घरांत वाढले आणि नांदले तिथे कुणी कधी चढ्या भावाची तक्रार करत नव्हतं. दोन्हीकडे तक्रार एकच, आम्हाला देणारा कमी देतो. महाराष्ट्रातली मोठी आर्थिक भांडणं घ्या, 1980 चं चाकणचं कांदा आंदोलन, दुधाचे टँकर अडवणं, दरवर्षी हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरची ऊस परिषद आणि मग रस्त्यावर हवा सोडलेल्या ट्रॉल्या, सगळी विकणाऱ्याची भांडणं आहेत. बाजार समितीचा 1963 चा कायदा मुळात घेणाऱ्याला वेसण घालायलाच केलेला (नंतर त्या समित्यांचंच काय झालं तो वेगळा लेख होईल).

एकटा विकणारा एल 12 मध्ये अगदी मानाने बसलाय. एकटा घेणारा कुठे आहे? अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्येच त्याच्यावर लिहून ठेवलंय, म्हणजे विसरलेला माणूस नाही. पण यादीत त्याचं नाव ठळकपणे येतं ते जे 42 ला. मजुरांच्या बाजारात. म्हणजे यादीच्या हिशोबाने घेणाऱ्याची दादागिरी हा मुख्यतः कामगाराचा प्रश्न, उद्योगाचा नाही.

माझं माहेर इचलकरंजी. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानाच्या जहागीरदारांचा पाठिंबा होता, आणि तिथून गाव मागांचंच झालं. अर्थतज्ज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये असल्या गावांबद्दल लिहिलंय, एकच धंदा पिढ्यान् पिढ्या चालला की त्या धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, हवेतच असतात, पोरं न शिकवता शिकतात. मला कुणी कधी माग शिकवला नाही, पण शेजारच्या शेडमधला खटखटाट बंद पडला की लाईट गेली का धागा तुटला हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. (असल्या गावांचा कोड परत वेगळाच, आर 12, प्रादेशिक अर्थशास्त्रात.)

काका खर्चीवाले. बाहेरच्या लोकांसाठी सांगते. माग काकांचे, शेड काकांची, लाईटबिल काकांचं, कामगार काकांचे. सूत मात्र व्यापाऱ्याचं. व्यापारी सूत सायझिंगला, म्हणजे खळ लावायला टाकतो, तिथून बीमा (उभ्या धाग्यांची मोठी रिळं) टेंपोतून शेडवर येतात, बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या पेट्या येतात, कापड विणून तागे व्यापाऱ्याच्या पेढीवर जातात आणि काकांना मिळते मजुरी. ती मोजायची पिकावर, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती पडले त्यावर. समजा 52 पिकाचं कापड आहे आणि दर 7 पैसे पीक, तर मीटरला 3 रुपये 64 पैसे. त्यातून मागावरच्या कामगाराची मजुरी, कांडीवाल्याची, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची, लाईट, तेल, सुटे भाग. शिवाय सूत वजनावर आलेलं असतं आणि कापड वजनावर जातं, मधली घट ठरल्यापेक्षा जास्त निघाली की कापून घेतात, कापडात डाग किंवा पट्टा निघाला तर तेही कापून घेतात. कापड बाजारात कितीला गेलं हे काकांना माहीत नसतं आणि विचारायचीही पद्धत नाही.

तर काका कोण? सरकारच्या ‘उद्यम’ नोंदणीच्या सर्टिफिकेटवर ते सूक्ष्म उद्योजक आहेत, त्यावर सरकारच्या यादीतला वस्त्रोद्योगाचा नंबर आहे. सरकारची ही एनआयसी यादी वेगळी, तिला ‘का’शी देणंघेणं नाही, तुम्ही काय बनवता तेवढंच विचारते, साखर, गूळ, खांडसरी यांना वेगवेगळे नंबर देते. जेईएलप्रमाणे काका एल 67, कापड आणि चपला. काम बाहेर दिलं घेतलं या बाजूने बघितलं तर एल 24. व्यवहार तोंडी चालतो, पत आणि ओळख यांवर चालतो, म्हणून एल 14. मी एकदा हे सगळं काकांना सांगत बसले होते तर ते तंबाखू मळत म्हणाले, “हे समदं खरं गं, पर पिकाचा दर कोन ठरवतो ते कुठल्या नंबरात हाय तुझ्या?”

काकांचा प्रश्न अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोझच्या प्रश्नाच्या शेजारचाच आहे. कोझने 1937 मध्ये, वय जेमतेम 26, विचारलं होतं की बाजार एवढा हुशार आहे तर कंपन्या असतातच कशाला? सगळं काम बाहेरून सौदा करून का नाही करून घेत? उत्तर असं की सौद्याला खर्च येतो, भाव शोधा, घासाघीस करा, करार करा, फसवणूक झाली तर निस्तरा. तो खर्च वाढला की माणूस काम घरात घेतो आणि हुकूम सोडतो, कमी असला की बाहेर देतो. कंपनीची भिंत तिथे उभी राहते. या विचाराला नोबेल मिळायला 1991 उजाडलं, म्हणजे ही यादी आली तेच साल आणि आपल्याकडे ती 100 कोटींची रेघ पुसली तेच साल. हाच कोझ 1972 मध्ये एल वाल्यांवर वैतागला होता, म्हणाला की या लोकांना न समजणारी कुठलीही धंद्याची रीत दिसली की ते लगेच त्यात मक्तेदारी शोधायला लागतात.

कोझचा हिशोब घेऊन इचलकरंजीत फिरलं तर सगळं छान जुळतं. सायझिंग एकाचं, माग दुसऱ्याचे, प्रोसेसिंग तिसऱ्याचं, सगळे एकमेकांना ओळखतात, सौद्याचा खर्च कमी, म्हणून भिंती छोट्या. परीक्षेत पूर्ण मार्क. पण मग मुंबईत हेच सगळं एका छपराखाली कसं चालत होतं? आणि बाहेर कशाने पडलं? 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर, आणि कापड काही थांबलं नाही, ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर विणलं जायला लागलं. (संपाच्या आधीपासूनच हा ओघ सुरू होता, संपाने त्याला धक्का दिला.) त्या काळात सौदा करायचा खर्च अचानक कमी झाला होता का? नाही. छपराखाली युनियन होती, पीएफ होता, बोनस होता, गिरणीच्या कापडावर कर वेगळा होता. शेडमध्ये यातलं काही नव्हतं. 1948 च्या फॅक्टरी कायद्याची रेघ वीज वापरणाऱ्यासाठी दहा कामगारांवर होती, तर एकाच शेडमध्ये चार माग थोरल्याच्या नावावर, चार धाकट्याच्या, चार वहिनींच्या, ही आमच्याकडे उघड गोष्ट. कंपनीची भिंत कुठे उभी राहिली हे एल 22 मध्ये विचारायचं आणि ती तिथे का उभी राहिली याचं उत्तर मात्र के मध्ये, एच मध्ये आणि जे 5 मध्ये सापडतं, म्हणजे कायदा, कर आणि युनियन.

सासर वाळवा तालुक्यातलं. इथे बाजू उलटी, म्हणजे निदान कागदावर तरी. इथे घेणारा हा आमचाच आहे. सासरे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, एका सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद. ऊस त्यांचा, आणि तो विकत घेणारा कारखानाही त्यांच्याच मालकीचा, म्हणजे हजारो मालकांपैकी एक. हा प्रकार सुरू झाला तो नगर जिल्ह्यात लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, 1950 च्या हंगामापासून गाळप. त्याचे पहिले चेअरमन कोण, तर धनंजयराव गाडगीळ, गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक. ज्याने अभ्यास करायचा तोच चेअरमनच्या खुर्चीत, जगात अशी उदाहरणं फार नसतील. गाडगीळांना कोड द्यायची वेळ आली असती तर त्यांनी काय दिला असता हा विचार मी बऱ्याचदा करते.

कारण द्यायला गेलं तर किती देणार. साखर म्हणून एल 66. शेतमालाच्या सहकारी संस्था म्हणून क्यू 13. उत्पादकांची सहकारी संस्था म्हणून जे 54. सहकारी उपक्रम ही वेगळी अर्थव्यवस्था मानली तर पी 13. दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर पाहिजे, म्हणजे शेजारी नवा घेणारा सहजी येऊच शकत नाही, म्हणून एल 43 किंवा एल 51. आणि निवडणुकांचा डी 72 दिला नाही तर महाराष्ट्रातल्या कारखान्यावर लिहिलंय हे कुणाला पटायचं नाही.

पण कोडांची ही भेळ सोडा, खरी गोम एकाच आकड्यात आहे, उसाच्या दरात. साध्या कंपनीत कच्च्या मालाची किंमत हा खर्च आणि वर उरेल तो नफा, नफा मालकाचा. इथे माल देणारा आणि मालक एकच. मग टनाला शंभर रुपये जास्त दिले तर तो उसाचा भाव झाला की नफ्याची वाटणी झाली? आप्पांना काही फरक पडत नाही, बँकेत पैसे आले म्हणजे झालं. इन्कम टॅक्सला मात्र फार फरक पडतो. खात्याचं म्हणणं होतं की केंद्राने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम म्हणजे सभासदांना वाटलेला नफा, तो खर्च धरता येणार नाही, त्यावर कर भरा. कारखाने म्हणत होते की आम्ही उसाचे पैसे दिले, उसाचे पैसे हा खर्च नाही तर काय आहे. वर्षानुवर्षं नोटिसा, अपिलं. 2019 मध्ये तासगाव तालुका कारखान्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या जादा दरात नफ्याचा काही भाग असतो, तो किती हे हिशोब बघून ठरवा आणि तेवढाच बाजूला काढा. दरम्यान 2015 च्या अर्थसंकल्पाने पुढच्या वर्षांसाठी सरकारने ठरवलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च मानायची सोय केली होती, आणि जुन्या वर्षांचं भिजत घोंगडं 2023 च्या अर्थसंकल्पात मिटवलं, अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलेला दिलाशाचा आकडा होता जवळजवळ 10,000 कोटी. दहा हजार कोटी, एक आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा एवढ्यावरून! मी वर्गात एल 21 शिकवताना, कंपनीचं उद्दिष्ट काय, नफा वाढवणं की अजून काही, ही केस सांगते, पुस्तकातलं उदाहरण काढायची वेळच येत नाही.

आप्पांच्या ऊसबिलाचा कागद बघितला की हा गुंता अजून घट्ट होतो. टनाला दर, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. मग पहिली उचल, पुढे दुसरा हप्ता, दिवाळीला काहीतरी. आणि मधेच कपात, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. ही बिनपरतीची ठेव मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी आप्पांना विचारलं, “अहो आप्पा, जी परत मिळणारच नाही तिला ठेव का म्हणायचं?” तर म्हणाले, “म्हणायला काय जातंय. कारखाना आपलाच हाय न्हवं.” म्हणजे उसाच्या भावातला तुकडा कापून तो कारखान्याचं भांडवल झाला. वर सभासदाला सवलतीची साखर, ती अजून वेगळी. एका बिलात भाव आहे, लाभांश आहे, भांडवल आहे, आणि निवडणुकीच्या वर्षी त्यात अजूनही काही असतं.

हे शेवटचं मी टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. 2001 मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी महाराष्ट्रातल्या जवळजवळ शंभर सहकारी साखर कारखान्यांची 1971 ते 1993 ची आकडेवारी घेऊन एक पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, मत प्रत्येक सभासदाला एक असलं तरी वजन मोठ्या बागायतदारांचं जास्त, आणि त्यांना संस्थेतून काही काढून घ्यायचं असेल तर सोपा रस्ता म्हणजे उसाचा दर दाबायचा. दर दाबला की त्यांनाही कमी मिळतो हे खरं, पण कारखान्यात पैसा साठतो, आणि त्या साठलेल्या पैशावर हुकमत त्यांची. भागात लहानमोठ्या जमिनींची तफावत जशी जास्त तसा दर कमी आणि कारखान्याची गाळप क्षमताही कमी, हे आकड्यांत दिसलं. पुढे संदीप सुखटणकर यांनी 2012 मध्ये दाखवलं की ज्या कारखान्यांचे चेअरमन निवडणुकीला उभे असतात ते निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतात. बारामतीपासून शिरोळपर्यंत कुठल्याही पारावर हे ऐकायला मिळतं, पण पारावरचं बोलणं आणि आकड्यांनी सिद्ध केलेलं यात अंतर असतं, ते या लोकांनी काटलं.

आता गंमत बघा. इन्कम टॅक्स म्हणतो जादा दर म्हणजे लपवलेला नफा. हे अर्थतज्ज्ञ म्हणतात कमी दर म्हणजे लपवलेला नफा. दोघंही बरोबर आहेत! आकडा एकच आहे पण एकाने तो मालकाच्या बाजूने वाचला आणि दुसऱ्यांनी लहान सभासदाच्या बाजूने. म्हणून कप्पा कुठला हा प्रश्न मला कारकुनी वाटत नाही. क्यू 13 दिला की पेपर शेतीवाल्यांकडे जातो, ते पाणी आणि साखरेचा उतारा विचारतात. एल 51 दिला की नियंत्रणवाले येतात, एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ठेवावी का काढावी विचारतात, 2025-26 ला क्विंटलला 355 रुपये बरोबर का चूक ते विचारतात. डी 72 दिला की राजकारणवाले. आप्पा चौदा दिवसांत मिळायचे पैसे कधी मिळणार ते विचारतात, त्याला कायदा आहे, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात उशीर झाला तर 15 टक्के व्याजही लिहिलेलं आहे. हे व्याज आप्पांच्या हातात पडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सहकार हा घेणाऱ्याच्या दादागिरीवरचा उपाय म्हणून आला होता, खासगी कारखानदार आणि गुळाचे अडते शेतकऱ्याला नाडायचे म्हणून शेतकऱ्यानेच घेणारा व्हायचं. विखे आणि गाडगीळांच्या डोक्यात ते पक्कं होतं असं मला वाटतं. उपाय लागूही पडला, आमच्या भागातली पक्की घरं, शाळा, कॉलेजं, दवाखाने त्याच पैशातून उभे आहेत, ते नाकारणारा कृतघ्न. पण संस्थेच्या आत परत घेणारा आणि देणारा अशी फाळणी होऊ शकते हे तेव्हाच्या आनंदात बहुतेक कुणी मोजलं नसावं. इचलकरंजीत त्याच काळात सहकारी सूतगिरणी झाली, सूत आपलं झालं की व्यापाऱ्याची गरज संपेल या हिशोबाने. काकांचं सूत अजूनही व्यापाऱ्याचंच येतं.

सध्या मी खर्चीवाल्यांवरच एक छोटा पेपर लिहितेय, एका सहकाऱ्याबरोबर. एल 67, एल 14 यावर आमचा वाद नव्हता. मी जे 42 घातला. पहिल्या परीक्षणात शेरा आला की जे 42 मजुरांसाठी आहे, तुमचे लोक यंत्रांचे मालक आहेत, नोंदणीकृत उद्योग आहेत, हा कोड काढा. सहकारी म्हणतो काढून टाक, एका कोडासाठी पेपर कशाला अडकवतेस. मी काढला नाही. उत्तरात एका शेडचा महिन्याचा हिशोब जोडलाय, मालकाचं नाव न देता, पिकाचा दर, मीटर, घट, कपात, लाईटबिल, कामगारांची मजुरी, आणि शेवटी मालकाच्या हातात राहिलेली रक्कम. त्या महिन्यात ती त्याच्याच मागावरच्या कामगारापेक्षा कमी होती. तेवढंच लिहून पाठवलंय, खाली एक वाक्य की आता या माणसाला कुठल्या अक्षरात घालायचं ते आपणच सांगा.